वस्तीत एक सवय रुजवायची असेल तर: सामाजिक विपणनाच्या पहिल्या मोहिमेसाठी मार्गदर्शक

ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळा तोंडावर आला की डेंग्यूचे फलक चौकाचौकांत लागतात. त्या फलकाखालून जाणाऱ्या कोणालाही थांबवून विचारले, तर डेंग्यू डासामुळे होतो आणि डास साठलेल्या पाण्यात वाढतात, हे तो न अडखळता सांगेल. तरीही त्याच्या दारातले निळे पिंप महिनाभर रिकामे झालेले नसेल. माहिती पोहोचली आहे, पण वागणे बदललेले नाही, अशी ही स्थिती कचऱ्याच्या वर्गीकरणापासून हेल्मेटपर्यंत सगळीकडे दिसते. सामाजिक विपणनाचे, म्हणजेच सोशल मार्केटिंगचे, काम नेमके येथून सुरू होते. गणेश मंडळाचा कार्यकर्ता, महिला बचत गटाची अध्यक्षा, राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी किंवा गृहनिर्माण संस्थेचा सचिव यांच्यापैकी कोणी पहिल्यांदाच अशी मोहीम हाती घेणार असेल, तर त्याच्यासाठी हा लेख आहे. वागळे इस्टेटच्या वरच्या अंगाला किंवा दिघ्याच्या डोंगरउतारावर असते तशी, ठरावीक वेळेलाच पाणी येणारी एक वस्ती आणि तिथली पाणी साठवण्याची पिंपे, हे उदाहरण आपण शेवटपर्यंत वापरू.

या पद्धतीला नाव मिळण्याआधीच भारतात ती प्रत्यक्षात आली होती. कुटुंबनियोजनासाठी सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ हा कंडोम आणला, तेव्हा तो केवळ सरकारी दवाखान्यांत ठेवला नाही. चहा, साबण आणि सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणजाळ्यातून तो किराणा दुकानापर्यंत आणि पानाच्या टपरीपर्यंत नेला आणि तीन नगांची किंमत पंधरा पैसे ठेवली. दवाखान्यात जाऊन मागण्याचा संकोच, तिथवर जाण्याचा वेळ आणि पैसा, या तिन्ही गोष्टी त्यामुळे एकदम हलक्या झाल्या. पुढे १९७१ मध्ये फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन या अमेरिकी अभ्यासकांनी एका शोधनिबंधात या विचाराची चौकट मांडली. बाजारपेठेतील विक्रीचे तंत्र वापरायचे, मात्र त्याचा लाभ विकणाऱ्याला न होता वागणाऱ्याला आणि त्याच्या समाजाला व्हावा, हे तिचे सूत्र. समाजमाध्यमांवर पोस्ट फिरवणे हे या कामाचे फार तर एक लहानसे अंग आहे, आणि पहिल्या मोहिमेत ते सगळ्यात शेवटी विचारात घ्यावे, असे माझे मत आहे.

आधी हे काम आपल्या पद्धतीचे आहे का, ते पाहा

प्रत्येक प्रश्नाला सामाजिक विपणन लागू पडत नाही. विपणनाचे अमेरिकी अभ्यासक मायकेल रॉथशिल्ड यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक विभागणी येथे उपयोगी पडते. ज्याला वागणे बदलायचे आहे, परंतु काय करायचे ते ठाऊक नाही, त्याला शिक्षण पुरते. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याचा विरोधही नाही, पण ज्याच्या वाटेत अडचणी आहेत, त्याच्यासाठी विपणन आहे. ज्याला ठाऊक असूनही करायचेच नाही, कारण न करण्यात त्याचा फायदा आहे, त्याच्यासाठी कायदा लागतो. बांधकामाच्या जागेवर तळघरात महिनोन्‌महिने पाणी तुंबवून ठेवणाऱ्या विकासकाला आपण कितीही गोड पत्रके वाटली तरी उपयोग नाही; तिथे महापालिकेची नोटीसच हवी. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बाजारात कापडी पिशव्या दिसू लागल्या, तो कायद्याचा परिणाम होता. मात्र तपासणी सैल पडताच पातळ पिशव्या भाजीच्या गाड्यांवर परतल्या, कारण ग्राहकाला घरून पिशवी नेण्याची सवय लावण्याचे काम अर्धेच राहिले होते. आपल्या वस्तीतील पिंपांचा प्रश्न मधल्या गटातला आहे. डेंग्यू कोणालाच नको आहे आणि पिंप घासण्यालाही कोणाची हरकत नाही. अडते ते दुसरीकडेच.

पहिली पायरी: एकच वागणूक निवडा आणि ती एका वाक्यात लिहा

नवख्या गटांची मोहीम बहुतेक वेळा याच पायरीवर घसरते. ‘स्वच्छतेविषयी जागृती करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘परिसर स्वच्छ ठेवा’ हा संदेश तर डेंग्यूच्या बाबतीत दिशाभूलही करतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतीच्या तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: पिंप, टाकी, फ्रिजमागची तबकडी, कुंडीखालची बशी, छपरावर टाकलेला टायर. हा संदेश वाचणारा माणूस मात्र उघड्या गटाराकडे बोट दाखवतो, पालिकेला दोष देतो आणि आपल्या पिंपाकडे पाहतही नाही.

योग्य वागणूक ठरवण्यासाठी विषयाचे शास्त्र थोडे तरी समजून घ्यावे लागते. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून अळी, कोष आणि उडणारा डास हा प्रवास साधारण आठ ते दहा दिवसांत पुरा होतो, म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. पण ही अंडी कोरड्या भिंतीवरही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढले की उबतात. याचा अर्थ असा, की पिंप नुसते रिकामे करून परत भरले तर अर्धेच काम होते. आतली भिंत घासावीच लागते. शिवाय हा डास फार लांब उडत नाही, साधारणपणे शंभर-दोनशे मीटरच्या टापूतच वावरतो. त्यामुळे एका गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन काही केले, तर त्याचा गुण त्याच गल्लीला येतो. मोहिमेच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण ‘आपण करायचे आणि लाभ दुसऱ्याला’ ही तक्रार येथे फारशी उरत नाही.

एवढे समजले की वाक्य तयार होते: ‘दर रविवारी, पाणी येण्याआधी, घरातील प्रत्येक पिंपातले उरलेले पाणी वापरून संपवावे, पिंपाची आतली भिंत ब्रशने घासावी, आणि पिंप भरल्यावर त्याचे तोंड कापडाने घट्ट बांधावे.’ यात कोणी, कधी, काय करायचे हे स्पष्ट आहे आणि केले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. कुंड्या, टायर, फ्रिज हे सगळे महत्त्वाचे असले तरी पहिल्या मोहिमेत ते बाजूला ठेवा. ज्या वस्तीत सर्वाधिक अळ्या पिंपांतच सापडतात, तिथे पिंपच धरावे. गृहसंकुलात कदाचित कुंड्यांच्या बश्या धराव्या लागतील. कोणते भांडे धरायचे ते मोजणी करूनच ठरवावे.

दुसरी पायरी: गल्लीत जा, पण प्रश्नावली घेऊन नव्हे

प्रश्नावलीत ‘आपण आठवड्यातून एकदा पिंप घासता का?’ असे विचारले, तर बहुतेक घरांतून ‘हो, घासतो की’ असेच उत्तर येते. त्यात खोटेपणापेक्षा पाहुण्याला बरे वाटावे ही भलमनसाई जास्त असते. म्हणून विचारण्याआधी पाहावे. पाणी येते त्या वेळेला, मग ती पहाटे पाचची का असेना, गल्लीत उभे राहावे. पाणी किती वेळ टिकते, पाइप कोण धरते, पिंपात आधीचे पाणी किती उरलेले असते, नवे पाणी जुन्यावरच ओतले जाते का, झाकण कशाचे आहे, हे सारे त्या अर्ध्या-पाऊण तासात कळते. नंतर दहा-बारा घरांत बसून निवांत बोलावे आणि मुद्दाम असे प्रश्न विचारावेत: मागच्या वेळी पिंप पूर्ण रिकामे केले ते कधी आणि कशासाठी? त्या दिवशी काय सोपे गेले, काय जड गेले? पिंप घासायला नको वाटते ते का?

अशा बोलण्यातून जी कारणे पुढे येतात, ती कार्यालयात बसून सुचत नाहीत. उद्या पाणी येईल याची खात्री नसताना आज साठलेले पाणी ओतून देणे हे गृहिणीच्या दृष्टीने बेजबाबदारपणाचे असते. दोनशे लिटरचे भरलेले पिंप म्हणजे दोनशे किलोचे ओझे, ते एकटीने कलंडत नाही. पिंप जवळजवळ दोन हात खोल असते आणि उभ्याने तळापर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तळ आणि खालची भिंत तशीच राहते. सकाळी सातला घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत घरकामाला निघणाऱ्या बाईकडे पाणी भरणे आणि डबा करणे यांच्यामध्ये वेळच उरत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचे पिंप नेमके कोणाचे, हेच ठरलेले नसते. यांपैकी एकाही कारणावर डासाच्या चित्राचा इलाज चालत नाही.

याच फेरीत आणखी एक शोध घ्यावा. त्याच गल्लीत, त्याच पाण्यावर आणि त्याच पगारात, पिंप नियमाने घासणारी दोन-चार घरे असतातच. ती कशी जमवतात, हे बारकाईने विचारावे. एखादी बाई शनिवारी रात्रीच उरलेल्या पाण्यात कपडे भिजत घालते, म्हणजे रविवारी पहाटे पिंप आपसूक तळाला गेलेले असते आणि पाण्याचा थेंबही वाया जात नाही. अशी युक्ती सापडली तर ती आपल्या मोहिमेचा गाभाच होऊ शकते, कारण ती बाहेरून आणलेली नसते.

तिसरी पायरी: सगळ्यांना नको, कोणाला ते ठरवा

वस्तीतील प्रत्येकाशी एकाच आवाजात बोलणारी मोहीम कोणाशीच बोलत नाही. आपल्या उदाहरणात निदान तीन गट पडतात: दिवसभर घरी असणाऱ्या गृहिणी, पहाटे कामाला निघणाऱ्या स्त्रिया, आणि औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारे, भाड्याने राहणारे तरुण. पहिल्या मोहिमेसाठी असा गट निवडावा, जो संख्येने पुरेसा मोठा आहे, ज्याच्या घरात प्रश्न खरोखर आहे आणि जो बदलायला थोडासा तरी राजी आहे. अनेकांना सर्वांत अवघड गटापासून सुरुवात करण्यात शौर्य वाटते. माझा सल्ला उलट आहे. भाडेकरू तरुणांपर्यंत दुसऱ्या वर्षी गेले तरी चालेल, तोवर गल्लीचा रिवाज बदललेला असतो आणि तो त्यांनाही ओढतो.

चौथी पायरी: किंमत उतरवा

विपणनात वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी असे चार घटक मानतात. नवे कार्यकर्ते चौथ्यावर तुटून पडतात; माझ्या मते पहिल्या मोहिमेचा निम्म्याहून अधिक पैसा आणि वेळ दुसऱ्यावर खर्च व्हायला हवा. किंमत म्हणजे केवळ रुपये नव्हेत. वेळ, श्रम, संकोच, शेजाऱ्यांचे बोलणे आणि आपल्या वस्तीत साठवलेले पाणी गमावण्याची धास्ती, ही सगळी किंमतच आहे.

ती एकेक करून उतरवावी. हात पोहोचत नसेल, तर लांब दांड्याचा ब्रश हवा. प्रत्येक घराला ब्रश वाटण्याऐवजी सात-आठ घरांत एक ब्रश सामायिक ठेवला आणि तो रविवारी एका दारातून दुसऱ्या दारात जात राहिला, तर खर्च कमी होतो आणि ब्रश आपल्या दारात आला की काम टाळता येत नाही, हा जास्तीचा फायदा. पिंप कलंडत नसेल, तर शनिवारी रात्रीचे कपडे भिजवण्याची युक्ती सगळ्यांपर्यंत न्यावी. झाकण बसत नसेल, तर कडेला इलॅस्टिक शिवलेले जाड सुती कापड बचत गटाकडून शिवून घ्यावे. मात्र ते घट्ट ताणलेले राहिले पाहिजे, कारण मध्ये लोंबून पाण्याला टेकलेले कापड डासाला अडवत नाही.

उरते ती पाण्याची धास्ती, आणि ती सगळ्यांत महाग आहे. तिच्यावर कापडाचा किंवा ब्रशचा उपाय नाही. तिच्यासाठी प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागाकडे जावे लागते आणि पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी बोलावे लागते. रविवारी पाणी ठरल्या वेळी सोडले जाईल, आणि काही कारणाने सोडता येणार नसेल तर शनिवारी दुपारपर्यंत गल्लीत निरोप येईल, एवढी हमी मिळाली तरी पुष्कळ होते. ही हमी मिळवणे कंटाळवाणे काम आहे, त्याचा फोटो निघत नाही आणि त्यावर उद्‌घाटनाची फीतही कापता येत नाही. पण ज्या मोहिमेने हे केले नाही, तिने गृहिणीला कोरडे पिंप आणि कोरडा नळ अशा दोन्हींचा धोका पत्करायला सांगितले असा त्याचा अर्थ होतो, आणि एकदा तसे घडले की ती बाई पुन्हा आपले ऐकणार नाही.

हाच नियम गृहसंकुलांनाही लागू आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले आणि ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा करणे घराघराचे कर्तव्य ठरले. वाशीच्या किंवा मानपाड्याच्या एखाद्या सोसायटीत हे शिकवण्याआधी सकाळी खाली उतरून घंटागाडीपाशी उभे राहावे. घरात वेगळा केलेला कचरा जिन्यात सफाई कर्मचाऱ्याच्या एकाच पिंपात किंवा गाडीच्या एकाच कप्प्यात एकत्र पडताना रहिवाशाने एकदा पाहिला, की तुमची सगळी व्याख्याने फुकट जातात. आधी मागची व्यवस्था नीट करावी, मगच पुढच्या माणसाकडे मागणी करावी.

ठिकाणाचाही विचार याच ओघात करावा. पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा लसीकरणाची केंद्रे दवाखान्यापुरती ठेवली नव्हती. रेल्वे आणि एसटी स्थानकांपर्यंत ती नेली, आणि केंद्रावर न आलेल्या बालकांसाठी पथके घरोघरी गेली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला, यात लसीइतकाच लस दारापर्यंत नेण्याचाही वाटा होता. आपले ‘ठिकाण’ म्हणजे पिंपाशेजारची दोन फूट जागा आणि रविवारची पहाट. ब्रश, कापड आणि आठवण, या तिन्ही गोष्टी तिथेच आणि त्याच वेळी हाताशी असाव्यात.

पाचवी पायरी: आपला प्रतिस्पर्धी ओळखा

प्रत्येक नव्या वागणुकीची कोणत्या तरी जुन्या सोयीशी स्पर्धा असते. पिंप न घासण्यातला आराम हा उघड प्रतिस्पर्धी झाला. न दिसणारा प्रतिस्पर्धी आहे धूरफवारणी. गल्लीतून धुराचे यंत्र गर्जत गेले की डासांचा बंदोबस्त झाला, असे सर्वांना वाटते, आणि तशी मागणी लोकप्रतिनिधींकडे होतही राहते. वास्तविक धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही आणि चार-सहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. फवारणीची निंदा करण्यात शक्ती घालवू नये. रुग्ण आढळलेल्या भागात तिचा उपयोग असतोच. त्याऐवजी फवारणीनंतर लगेच त्याच गल्लीत एका पिंपातले पाणी पारदर्शक बरणीत काढून, बॅटरीच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या लोकांना दाखवाव्यात. माझ्या मते यासारखे प्रात्यक्षिक दुसरे नाही, आणि त्याला खर्च शून्य येतो.

सहावी पायरी: आता संदेश, आणि तो सांगणारा माणूस

किंमत उतरवून झाल्यावरच संदेश लिहायला घ्यावा. नवख्यांच्या हातून येथे एक चूक फार सहज होते. ‘आपल्या प्रभागातील बहुसंख्य लोक पिंपे घासत नाहीत, हे लाजिरवाणे आहे’ असे आपण तळमळीने लिहितो आणि वाचणारा त्यातून एवढेच घेतो, की कोणीच घासत नाही, मग मीच का? अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे उचलून नेत असत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे प्रयोग केला, तेव्हा ‘पूर्वी येऊन गेलेल्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली’ अशी पाटी लावलेल्या वाटांवर चोरी कमी न होता वाढली. म्हणून जे करतात त्यांची संख्या पुढे ठेवावी. वीस घरांच्या गल्लीत पहिल्या रविवारी सातच घरांनी पिंपे घासली असतील, तर ‘तेरा घरे बाकी’ असे न लिहिता ‘सात घरे झाली, या आठवड्यात आणखी दोन’ असे लिहावे.

तोंडी किंवा लेखी शब्द घेणे हे दुसरे साधन. ज्या बाईने ‘आमच्याकडे रविवारी घासणार’ असे शेजारणींसमोर म्हटले आणि दाराच्या चौकटीवर खडूने रविवारची तारीख लिहू दिली, ती सहसा शब्द पाळते. मात्र हा शब्द तिने आपखुशीने द्यायला हवा. तिसरे साधन म्हणजे जागच्या जागी आठवण. डेंग्यूचे फलक नाक्यावर असतात आणि पिंप घरात असते. त्यामुळे पिंपाच्या झाकणावर चिकटवलेली तळहाताएवढी चित्रमय पट्टी नाक्यावरच्या वीस फुटी फलकापेक्षा जास्त काम करते. चित्र अशासाठी, की डोंगरउतारावरच्या या वस्त्यांत मराठीबरोबर हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे असतात आणि सगळ्यांनाच वाचता येते असेही नाही.

सांगणारा कोण, यावर निम्मे यश ठरते. महाराष्ट्राला गाडगे महाराजांचे उदाहरण वेगळे सांगायला नको. गावात आल्यावर ते दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही उपदेशापेक्षा समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेण्यावर त्यांचा भर असे. आपल्या मोहिमेतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पहिल्या रविवारी निदान एक पिंप स्वतः घासावे आणि मगच बोलायला सुरुवात करावी. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या स्त्रिया या बाहेरून आलेल्या वक्त्यापेक्षा केव्हाही अधिक विश्वासाच्या. एखाद्या कलाकाराला आणल्यास गर्दी होते, इतकेच.

प्रसंगांची निवडही विचाराने करावी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि वाण म्हणून काही ना काही वस्तू दिली जातेच. तिथे पिंपाचे कापड वाण म्हणून देणे ही कल्पना बचत गटांना आवडते आणि पावसाळ्याच्या बऱ्याच आधी कापड घरात जाऊन पोहोचते. तथापि हळदीकुंकवाला विधवांना अजूनही अनेक ठिकाणी बोलावले जात नाही, आणि मुंब्रा किंवा राबोडीसारख्या भागात तर तो प्रसंगच उपयोगाचा नाही. त्यामुळे हेच कापड बचत गटाच्या मासिक बैठकीतून, शाळेच्या पालकसभेतून किंवा मोहल्ल्यातल्या दवाखान्यातूनही मिळेल अशी सोय ठेवावी. नाहीतर आपल्या मोहिमेच्या नकाशातून काही घरे सुरुवातीलाच गळतात.

भीती आणि लाज यांचा वापर टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. उघड्यावर शौचास बसणाऱ्यांना गाठण्यासाठी महाराष्ट्रात पहाटे ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरली. लोकांना हटकणे, त्यांचे फोटो काढणे, असे प्रकार त्यातून झाले. अशा धाकाने माणूस वागणे सोडण्यापेक्षा लपवायला शिकतो. अळ्या सापडलेल्या घराचे नाव व्हॉट्सॲप गटावर टाकणे किंवा डेंग्यू झालेल्या मुलाचे नाव सभेत घेणे, हे त्याच जातीचे प्रकार आहेत. असे एकदा जरी झाले, तरी पुढच्या आठवड्यात दारे उघडत नाहीत.

सातवी पायरी: दोन गल्ल्यांत करून पाहा आणि मोजा

पूर्ण वस्तीत एकदम उतरू नये. सारख्याच दिसणाऱ्या दोन गल्ल्या घ्याव्यात, एकीत मोहीम करावी आणि दुसरीत फक्त मोजणी. पाऊस वाढला की अळ्या वाढतात आणि पाऊस सरला की कमी होतात, त्यामुळे केवळ आधी आणि नंतर असे आकडे पाहिले, तर पावसाचे श्रेय किंवा दोष आपल्या माथी येतो. दुसरी गल्ली असली की हा गोंधळ टळतो. दुसऱ्या गल्लीवर अन्याय होऊ नये म्हणून तिथे दोन महिन्यांनी तीच मोहीम न्यावी, आणि हे आधीच सांगून ठेवावे.

मोजणीची पद्धत आरोग्य विभाग वापरतो तीच घ्यावी. तपासलेल्या शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या, हा झाला घर निर्देशांक, आणि तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. समजा, पन्नास घरे तपासली, बारा घरांत मिळून पंधरा भांड्यांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक २४ आणि ब्रेटो निर्देशांक ३० येतो. याच्या जोडीला आपली स्वतःची मोजणी ठेवावी: रविवारी किती घरांनी पिंप घासले, किती पिंपांना कापड बांधलेले दिसले, सामायिक ब्रश किती दारांपर्यंत फिरला. वागणूक आधी बदलते, निर्देशांक त्यानंतर उतरतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत निर्देशांक हलला नाही म्हणून मोहीम गुंडाळू नये. किती पत्रके वाटली, किती लोक रॅलीत आले, हे आकडे अहवालात शोभतात, पण त्यावरून काहीच कळत नाही. डेंग्यूच्या रुग्णसंख्येवरूनही दोन गल्ल्यांच्या यशापयशाचा निवाडा करू नये, कारण संख्या फार लहान असते आणि लागण कामाच्या ठिकाणी किंवा शाळेतही होऊ शकते. हा डास दिवसा चावतो.

परवानग्या, वेळापत्रक आणि हवाली करणे

घरांत शिरून भांडी तपासायची असल्याने प्रभाग समितीच्या कार्यालयाला आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला लेखी कळवावे. पालिकेच्या हिवताप विभागाचे कर्मचारी पहिल्या एक-दोन फेऱ्यांना बरोबर असतील, तर अळ्या कोणत्या डासाच्या हे ओळखायला आपले कार्यकर्ते शिकतात, आणि मोठ्या टाक्यांसाठी अळ्या खाणारे गप्पी मासे कुठून मिळतील तेही कळते. वेळापत्रक पावसाळ्यापासून मागे मोजत आखावे. पाहणी आणि गप्पा मार्चमध्ये, चावीवाला आणि कापड यांची व्यवस्था एप्रिलमध्ये, दोन गल्ल्यांतली सुरुवात १६ मे या राष्ट्रीय डेंग्यू दिनाच्या आसपास. म्हणजे जुलै हा डेंग्यूविरोधी महिना उजाडेपर्यंत आपल्या हातात पहिले आकडे असतात आणि पालिकेशी बोलताना त्यांचा उपयोग होतो.

मोहीम सुरू करतानाच ती कोणाच्या हाती सोपवायची, हे ठरवून ठेवावे. प्रत्येक गल्लीत दोघी जणी, शक्यतो आधीपासून पिंप घासणाऱ्या घरांतल्या, निवडाव्यात आणि एका वहीत चार गोष्टी लिहून द्याव्यात: ब्रश कोणाकडे असतो, कापड फाटले तर कोण शिवते, रविवारी पाणी येणार नसेल तर निरोप कोणाकडून येतो, आणि महिन्यातून एकदा दहा घरांची तपासणी कोणी करायची. नव्या भाडेकरूला पहिल्याच रविवारी ब्रश नेऊन देण्याचे कामही याच दोघींकडे द्यावे. ऑक्टोबरनंतर मोजणी दोन महिन्यांतून एकदा केली तरी चालते; घासणे मात्र उन्हाळ्यातही सुरू ठेवावे लागते, कारण उन्हाळ्यात पाणी कमी येते आणि तेव्हाच पिंपे सर्वाधिक भरून ठेवलेली असतात.